ढगाळ दिवसांची शून्ये

"कागदाला धक्का लावू नका रे, सूर्य वर पसरलाय," बाई म्हणाल्या, आणि चोवीस मुले एकदम एक पाऊल मागे सरकली. कुणाचा तरी पाय कुणाच्या तरी पायावर पडला. अंधाऱ्या खोलीत थोडी ढकलाढकली झाली, एकदोघे खिदळले आणि मग सगळे गप्प झाले.

वरच्या फटीतून आलेली लांब दुर्बीण खोलीच्या मधोमध तिरकी उतरली होती. तिच्या खालच्या टोकापाशी लाकडी फळी होती, फळीवर कागद, आणि कागदावर जेवणाच्या ताटाएवढा पांढरा, लखलखीत सूर्य. त्याची कड किंचित थरथरत होती.

"याच्याकडे कधी थेट बघायचं नाही. भिंगातून तर नाहीच नाही. आपण त्याच्याकडे पाठ करायची आणि त्याला कागदावर उतरवून घ्यायचं. एकतीस वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून नोकरी केली, म्हणून माझे डोळे शाबूत आहेत. आता सांगा, यावर काळं काय काय दिसतंय?"

"तीन ठिपके!"

"चार! तो कोपऱ्यातला धरला तर चार!"

"बघू हं." बाईंनी कागद चिमटीत धरून हळूच हलवला. तीन ठिपके जागच्या जागी राहिले. चौथा कागदाबरोबर सरकला. "हा कोपऱ्यातला सूर्यावरचा नाही, कागदावरचा. धूळ आहे. ज्याला शंका आली त्याने कागद हलवून बघायचा. भांडत बसायचं नाही."

गावाच्या टोकाला टेकाडावर ही जुनी वेधशाळा होती. इथे रात्रीचे काम नव्हते. इथे फक्त सूर्य पाहत. रोज सकाळी बाई छताची फट उघडत, कागदावर पडलेले सूर्याचे डाग पेन्सिलीने जिथल्या तिथे उतरवत, मोजत आणि आकडा नोंदवहीत लिहीत. वेधशाळेत सगळे त्यांना ठिपकेबाई म्हणत. त्यांच्याआधी हेच काम त्यांच्या वडिलांनी सत्तावीस वर्षे केले होते. जुनी माणसे त्यांना अजून थोरले ठिपके म्हणत.

"आपली पृथ्वी या कागदावर ठेवली तर केवढी होईल?" बाईंनी विचारले.

"लिंबाएवढी!"

"मोहरीच्या दाण्याएवढी. आणि हा मधला डाग बघा. यात मोहरीचे तीन दाणे सहज मावतील. बरं, तो काळा का दिसतो? विझलाय म्हणून? छे! आजूबाजूपेक्षा थोडा कमी तापलाय, एवढंच. त्याला एकट्याला उचलून आकाशात ठेवलं तर डोळे दिपतील तुमचे. शेजारी जास्त उजळ निघाले, म्हणून बिचारा काळा ठरला."

मागून एक मुलगा म्हणाला, "माझ्यासारखं. माझी ताई पहिली येते." सगळा वर्ग हसला.

मग बाईंनी मोजायचे कसे ते सांगितले. डाग घोळक्याने येतात. घोळके मोजायचे, त्यांना दहाने गुणायचे आणि त्यात सुटे डाग मिळवायचे. एक घोळका, त्यात एकच डाग, म्हणजे अकरा. "म्हणून आमच्या नोंदवहीत शून्य असतं आणि त्याच्यानंतर एकदम अकरा. मधले एक ते दहा आकडे आमच्या वाट्याला कधी आलेच नाहीत."

पुढच्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला. "आणि ढग असले तर? तेव्हा शून्य ना?"

"नाही."

"पण दिसत तर काहीच नाही."

"हे बघ," बाई खुर्चीवर बसल्या. मुलांशी बोलताना त्यांना बसून बोलायला आवडे. "तुमच्या बाईंनी हजेरी घेतली आणि तू वर्गात नाहीस, तर काय लिहितील?"

"गैरहजर."

"आणि बाईच आल्या नाहीत शाळेत, तर?"

मुलगी विचार करू लागली. "तर हजेरीच नाही."

"का? सगळी मुलं गैरहजर, असं लिहून टाकायचं की."

"असं कसं! आम्ही तर असतो ना वर्गात!"

"तेच तर. शून्य म्हणजे मी पाहिलं आणि काही नव्हतं. ढग म्हणजे मी पाहिलंच नाही. सूर्य होता आपला त्याच्या वर्गात. म्हणून त्या दिवशी आकडा लिहायचा नाही. 'ढग' असं लिहायचं आणि पुढे जायचं."

मुलीने समाधानाने मान डोलावली. बाईंचे लक्ष दाराकडे गेले. दारात आकडेवाले पाहुणे उभे होते. चाळिशीचे, बारीक अंगाचे हे शास्त्रज्ञ दूरच्या एका संस्थेतून महिन्याभरासाठी आले होते. जगभरच्या वेधशाळांतल्या सूर्याच्या नोंदी जोडून तीन-चारशे वर्षांची एकच सलग मालिका तयार करायचे काम त्यांच्याकडे होते. एरवी मुले आली की तेही गमतीने ऐकत उभे राहायचे. आज त्यांचा चेहरा उतरला होता.

मुले बसमध्ये बसून गेल्यावर पाहुणे आत आले.

"बाई, ते हजेरीचं फार छान सांगितलंत. तुम्हाला कुणी शिकवलं?"

"बाबांनी. पहिल्याच दिवशी. मी ढगाच्या दिवशी रकाना कोरा ठेवला होता, तर म्हणाले, कोरा नको, स्वच्छ अक्षरात 'ढग' लिही. उद्या कुणी वाचलं तर त्याला कळलं पाहिजे, की तू आली होतीस, सूर्य दिसला नाही."

पाहुण्यांनी हातातला संगणक टेबलावर ठेवला आणि उघडला. "मग हे जरा बघा. तुमच्या वडिलांची नोंदवही. हा सोमवार, सात घोळके. हा मंगळवार, शून्य. हा बुधवार, परत सात घोळके."

बाईंनी चष्मा लावला. एकदा पाहिले, दोनदा पाहिले. सूर्यावरचे डाग असे एका दिवसात जाऊन दुसऱ्या दिवशी परत येत नाहीत. हे त्यांना कुणी सांगायला नको होते.

"त्या मंगळवारी दुसरीकडे सहा ठिकाणी सात घोळके मोजलेत. आणि हा एकच दिवस नाही. सत्तावीस वर्षांत त्यांच्या वहीत 'ढग' हा शब्द एकदाही नाही. एकही दिवस ढग नव्हते, असं इथलं हवामान आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"जास्त डागांच्या वर्षांत खोटं शून्य लगेच ओळखू येतं. पण सूर्य शांत असतो तेव्हा खरी शून्यं असतात भरपूर. त्यात ढगांची मिसळली, तर वेगळी काढायची कशी? आम्हाला तर तीच वर्षं हवीत."

का हवीत, हे बाईंना ठाऊक होते. तीन शतकांमागे कधीतरी सूर्य जवळजवळ सत्तर वर्षे डागांविना राहिला होता. का राहिला, हे अजून कुणालाही नीटसे सांगता येत नाही. पुन्हा राहील का, तेही माहीत नाही. एवढा मोठा तारा, आणि त्याची नाडी ओळखायची ती अशी कुठल्या कुठल्या खोल्यांत कुणी कुणी लिहून ठेवलेल्या शून्यांवरून. शून्य खोटे निघाले, तर जागा असलेला सूर्य झोपला होता असे ठरायचे.

"तुमची एकतीस वर्षं आम्ही पूर्ण घेतोय, बाई. इतकी स्वच्छ नोंद मी फार थोड्या ठिकाणी पाहिली. पण त्यांची सत्तावीस..." पाहुण्यांनी संगणक मिटला. "सोडावी लागतील. मला खरंच वाईट वाटतं."

दुपारी मोठ्या साहेबांनी बोलावून घेतले. साहेब मनाने चांगले होते, पण त्यांना कशाचाही बोभाटा नको असे.

"बाई, तुमचं तर घेताहेत ना? झालं तर मग. थोरल्यांचं नाव कशाला काढायचं? नव्वदी उलटलेला माणूस. त्यांना कळवायचंच नाही. आपण तुमचा सत्कार करू, छान फोटो लावू."

"एकटीचा?"

"म्हणजे... हो."

"विचार करते," असे म्हणून बाई बाहेर आल्या. जिन्यात त्यांच्या लक्षात आले, की आपल्याला राग आला आहे. साहेबांचा नव्हे, पाहुण्यांचाही नव्हे. ज्या माणसाने आपल्याला पेन्सिलीचे टोक कसे काढायचे इथपासून सगळे शिकवले, त्याचा. आयुष्यभर 'बाबांसारखे काम' हे मोजमाप धरून जगलो, आणि मोजपट्टीच वाकडी निघाली.

घर वेधशाळेच्या खालच्याच रस्त्याला होते. दोन खोल्या, एक स्वयंपाकाचा ओटा आणि ओट्याला लागून खिडकी. खिडकीशी बाबा बसले होते, मांडीवर रेडिओ. वयाने त्यांची नजर जवळजवळ गेली होती. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. शेजारी म्हणत, सूर्याने डोळे खाल्ले. त्यावर बाबा चिडत. "एकदाही वर बघितलं नाही मी. हे म्हातारपण आहे, त्याला उगाच सूर्याचं नाव देऊ नका."

बाईंची पावले ऐकून त्यांनी रेडिओ बारीक केला. "आज लवकर? किती होते?"

हा रोजचा प्रश्न होता. रोज बाई दारातूनच आकडा सांगत आणि मग चपला काढत.

"तीन डाग, एक घोळका. तेरा." त्या आत आल्या आणि समोरच्या स्टुलावर बसल्या. "बाबा, एक विचारू?"

"विचार. एवढी परवानगी मागतेस म्हणजे काहीतरी फुटलंय. बशी की भिंग?"

"तुम्ही ढगांच्या दिवशी शून्य लिहायचात?"

बाबांनी रेडिओ बंद केला. बंद केल्यावरही त्यांचा अंगठा बटणावरच राहिला.

"कोण म्हणालं?"

"वही म्हणाली. पाहुण्यांनी दाखवलं. सत्तावीस वर्षांत एकदाही ढग नाहीत तुमच्या."

"चहा टाकतेस का?"

"आधी सांगा."

"मग राहू दे चहा." ते थोडे पुढे सरकले. "तुझ्या वेळचे साहेब निराळे. माझ्या वेळच्या साहेबांना रिकामा रकाना दिसला की माणूस कामचुकार दिसायचा. पहिल्या महिन्यात मी चार दिवस 'ढग' लिहिलं. बोलावून घेतलं. म्हणाले, सूर्य रजेवर गेला होता, की तुम्ही? मी म्हटलं, मी हजर होतो, तो दिसला नाही. म्हणाले, काही दिसलं नाही ना? मग ते पान बदला आणि शून्य लिहा. वर अहवाल जातो. त्यात भोकं चालणार नाहीत."

"आणि तुम्ही लिहिलंत."

"लिहिलं. तू दीड वर्षाची होतीस. नोकरी नवी होती." मग ते पुटपुटले, "सबबी सांगतोय मी. साहेब पुढे अकरा वर्षांनी गेले. त्यांच्यानंतरच्यांना विचारायला हवं होतं. नाही विचारलं. हाताला सवय लागली होती."

"आणि मला मात्र शिकवलंत, ढग लिही म्हणून."

"तुला चुकीचं कसं शिकवीन?"

एवढे सरळ उत्तर बाईंना अपेक्षित नव्हते. त्या उठल्या, ओट्यापाशी गेल्या आणि भांडे उगाच इकडचे तिकडे केले. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "सत्तावीस वर्षं काढून टाकताहेत तुमची. सगळी. खरं शून्य कुठलं आणि ढगाचं कुठलं, ते कळत नाही म्हणून."

बाबा म्हणाले, "का कळत नाही?"

"कसं कळणार? दोन्हीकडे शून्यच."

"वहीत. तू वही बघतेस कशाला? वही साहेबांसाठी होती. कागद बघितलेस का? माझे रोजचे कागद?"

"कोरे गोल असणार. शून्याच्या दिवशी काय असतं कागदावर?"

"एकतीस वर्षं काम करून हे विचारतेस?" बाबांचा आवाज एकदम चढला. हा पूर्वीचा, शिकवणीतला आवाज होता. "डाग नसला तर सगळ्यात आधी काय करतेस तू? सांग बघू."

बाई वळल्या. ओटा धरून उभ्या राहिल्या.

सूर्याचा कागद काढताना सगळ्यात आधी त्याची दिशा ठरवावी लागते. दुर्बिणीला सूर्यामागे फिरवणारे घड्याळ थांबवले की सूर्याचे बिंब कागदावरून हळूहळू सरकू लागते. एखादा डाग कुठून कुठे गेला ते टिंबांनी टिपायचे, टिंबे जोडायची, म्हणजे पूर्व-पश्चिम रेघ मिळते. डाग नसेल तर बिंबाची कड धरून तेच करायचे. रेघेच्या टोकाला पश्चिमेकडे बारीकसा बाण काढायचा. कागदावर आधीच छापलेल्या गोलावर ही रेघ नसेल, तर तो कागद कुठल्या बाजूने धरायचा हेही कळत नाही.

"रेघ," बाई हळूच म्हणाल्या.

"ढगात बिंबच पडत नाही कागदावर. रेघ मारायची कशावरून?" बाबा म्हणाले. "मारता आली असती म्हणा. पट्टी होती, पेन्सिल होती. नाही मारली. आकडा साहेबांचा होता, पोरी. रेघ माझी होती."

दुसऱ्या दिवशी सकाळचा सूर्य काढून झाल्याबरोबर बाईंनी कागदांच्या खोलीचे कुलूप उघडले. बाबांचे कागद महिन्यामहिन्याच्या गठ्ठ्यांत, पांढऱ्या नाडीने बांधून कपाटांत होते. नऊ हजार सहाशे चाळीस. पाहुण्यांना त्यांनी सगळे सांगितले. पाहुण्यांनी ऐकून घेतले, पण मान मात्र डोलावली नाही.

"बाई, तुम्ही त्यांच्या कन्या आहात. रागावू नका, पण एवढ्यावर मला घेता येणार नाही."

"मी कुठे म्हणते, घ्या? कागद हलवून बघा. मी तिकडच्या कपाटापाशी उभी राहते. तुमच्या संगणकातलं मला काही दिसत नाही. तुम्ही नुसती तारीख सांगा. ज्या दिवशी बाबांचं शून्य आहे आणि जगात इतरांना डाग दिसलेत, अशी. मी कागद काढून सांगते, रेघ आहे की नाही. मधूनमधून खऱ्या शून्याच्याही तारखा टाका. मला कळता कामा नयेत."

पाहुणे पहिल्यांदाच हसले. "तुम्ही माझ्याकडे नोकरीला या."

"आधी तारीख सांगा."

तारखा सुरू झाल्या. "रेघ नाही." "रेघ नाही." "आहे, बाणासकट." "नाही." नाड्या सुटत होत्या, पुन्हा बांधल्या जात होत्या. पहिल्या दिवशी तीनशे अठरा तारखा झाल्या. पाहुणे प्रत्येक उत्तरापुढे खूण करत होते. संध्याकाळी त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "तीनशे अठरापैकी तीनशे सतरा बरोबर."

"आणि एक?"

"एकात रेघ आहे, बाण आहे आणि शून्य आहे. पण दुसऱ्या एका वेधशाळेत त्याच तारखेला अकरा आहेत. एक डाग." ते हळुवारपणे म्हणाले, "एका दिवशी थकून मारली असेल रेघ. माणूसच आहे."

बाईंनी तो कागद पुन्हा खिडकीपाशी नेला. बाबांचे अक्षर बारीक, सरळ. वेळ सकाळी सात चाळीस. हवा स्थिर. शून्य. आणि रेघ, तिच्यावर टिंबेही होती, सात. थकलेला माणूस सात टिंबे काढून मग ती पुसट जोडत बसत नाही. पण हे मनाला पटले म्हणून पाहुण्यांना पटणार नव्हते.

"ती दुसरी वेधशाळा कुठली?"

"बरीच लांब. अर्ध्या पृथ्वीपलीकडे."

"त्यांनी किती वाजता पाहिला?"

पाहुण्यांनी संगणकात शोधले. "त्यांच्या सकाळी. म्हणजे आपल्याकडे..." ते बोटांवर मोजू लागले, "तुमच्या वडिलांच्या नंतर अकरा तास."

बाई पुढचा कागद काढू लागल्या. दुसऱ्या दिवशीचा. पूर्वेच्या कडेला, अगदी कडेला चिकटून, पापणीच्या केसासारखा एक बारीक डाग काढलेला होता. त्याच्याशेजारी तीन शब्द. नवा. काल नव्हता.

त्यांनी तो कागद पाहुण्यांपुढे ठेवला. सूर्यही स्वतःभोवती फिरतो. साधारण सत्तावीस दिवसांत एक फेरी. बाबांनी सकाळी पाहिले तेव्हा तो डाग सूर्याच्या पाठीमागच्या बाजूला होता. अकरा तासांत तो कडेवरून इकडे आला आणि पृथ्वीच्या पलीकडच्या माणसाला दिसला. दोघांनीही खरेच लिहिले होते.

पाहुण्यांनी ते तीन शब्द वाचले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. "या माणसाला भेटता येईल का मला?"

"काम पुरं करा आधी. मग या चहाला."

पुढचे पाच दिवस दोघे कागदांच्या खोलीत होते. शून्याचा प्रत्येक कागद पाहायचा होता, तीन हजार एकशे सतरा. बाईंची बोटे धुळीने काळी झाली, पाहुण्यांना शिंका सुटल्या. साहेब एकदा डोकावून गेले, आणि दुसऱ्यांदा आले ते दोन पेले चहा घेऊन. हिशेब लागला तेव्हा ढगांची शून्ये दोन हजार दोनशे चौदा निघाली. खरी शून्ये नऊशे तीन. एकूण सात हजार चारशे सव्वीस दिवस टिकले. त्या नऊशे तीन दिवसांत सूर्य खरोखर निष्कलंक होता आणि कुणीतरी तो तसा पाहिला होता.

सहाव्या दिवशी पाहुणे घरी आले. त्यांनी बाबांना वाकून नमस्कार केला. बाबांनी त्यांचा हात चाचपून धरला.

"हात तर लिहिणाऱ्याचा नाही तुमचा."

"बटणं दाबणाऱ्याचा आहे."

"असू दे. किती उडाले माझे?"

"दोन हजार दोनशे चौदा."

"चांगलं झालं. ते माझे नव्हतेच." मग बाबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "खऱ्या शून्यांतला एक काळ मला आठवतो. सलग चाळीस दिवस डाग नव्हता. मला वाटलं, आपल्या हयातीत सूर्य निजला की काय. भीतीही वाटली आणि बरंही वाटलं. एवढं मोठं काही घडतंय आणि इथे मी एकटा उभा आहे. रोज डोळे फाडून बघायचो. शून्याच्या दिवशीच जास्त वेळ लागतो बघा. डाग असला की दोन मिनिटांत दिसतो. नाही, असं म्हणायला अर्धा तास बघावं लागतं."

पाहुण्यांनी हे वाक्य आपल्या वहीत लिहून घेतले. मग म्हणाले, "एक औपचारिकता आहे. मालिकेबरोबर निरीक्षकाचं एक टिपण जोडावं लागतं. नोंदी कशा केल्या, कुठला आकडा धरायचा नाही. तुमच्या सहीनिशी. मजकूर बाई लिहितील."

बाईंनी कागद-पेन घेतले आणि लिहायलाही लागल्या. लिहिलेले वाचून दाखवले, "तत्कालीन प्रमुखांच्या आदेशानुसार ढगाळ दिवशी नोंदवहीत शून्य लिहिण्याची पद्धत होती..."

"थांब. खोड ते."

"पण तसंच झालं ना, बाबा?"

"साहेब मरून किती वर्षं झाली. त्यांच्या बाजूने बोलायला कोण येणार? आणि त्यांच्यानंतरही मी तेच लिहीत राहिलो. सांगितलं त्यांनी असेल, हात माझा होता. नवा कागद घे."

बाईंनी नवा कागद घेतला.

"लिही. ज्या कागदावर रेघ नाही, त्या दिवशी मी सूर्य पाहिला नाही. त्या दिवसाचं शून्य मी खोटं लिहिलं आहे. ते धरू नये." ते थांबले. पेनाची कुरकुर थांबेपर्यंत वाट पाहिली. "ज्या कागदावर रेघ आहे, त्या दिवशी मी पाहिला आहे. ते कुणी काढू नये."

"आणखी काही?" बाईंनी विचारले.

"आणखी काय? झालं की सगळं."

बाईंनी कागद त्यांच्यापुढे टेबलावर सरकवला, हातात पेन दिले आणि सहीच्या जागेवर बोट टेकवले.

"बोट काढ. कळली जागा."

त्यांनी डाव्या तळव्याने कागद घट्ट दाबला आणि सावकाश सही केली, एक अक्षरही न गाळता. सही वर वर चढत गेली. शेवटचा फराटा कागद ओलांडून टेबलाच्या लाकडावर उतरला, आणि मगच पेन थांबले.

"सरळ आलीय का?"

पाहुणे 'हो' म्हणणार होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिले.

"नाही, बाबा. वर चढलीय, आणि थोडी कागदाबाहेर गेलीय."

"वाचता येते का?"

"येते."

"मग असू दे."

बाईंनी कागद उचलला आणि शाईवर फुंकर घातली. टेबलावरचा निळा फराटा अजून ओला होता. त्यांनी ओट्यावरचे फडके घेतले, क्षणभर हातात धरले, आणि तसेच परत जागेवर ठेवले.